बिनतारीच्या पाठीमागची तार

मोबाईल दूरध्वनीला आपण बिनतारी म्हणतो. हा शब्द अर्धाच खरा आहे. खिशातल्या यंत्रापासून जवळच्या मनोऱ्यापर्यंतचा काय तो प्रवास मोकळ्या हवेतून होतो. शहरात हे अंतर काही शे पावलांचे, खेड्यात फार तर काही मैलांचे. तेथून पुढे बोलणाऱ्याचा आवाज जमिनीखालच्या तारेतून, काचतंतूतून, किंवा एका मनोऱ्यावरून दुसऱ्या मनोऱ्याकडे रोखलेल्या तबकडीच्या वाटेने केंद्रापर्यंत जातो. तबकडीची वाटही लहरींचीच आहे, पण ती दोन्ही टोकांना खिळलेली असते. हिशेबात तिची गणना तारेबरोबरच करावी लागते. मनोऱ्यापासून केंद्रापर्यंतच्या या सगळ्या पसाऱ्याला अभियंते अॅक्सेस नेटवर्क म्हणतात. आम्ही येथे त्याला जोडजाळे म्हणू. मोबाईलचा इतिहास सांगणारे बहुतेक लोक हातातल्या यंत्राचा इतिहास सांगतात. आज आम्हांस या जोडजाळ्याविषयी बोलावयाचे आहे.

आम्ही अभियंते नाही. कामगार संघटनेच्या कामात तारा ओढणारे, चर खणणारे, मनोऱ्यावर चढणारे लोक भेटत गेले. ते आपसांत काय बोलतात ते समजावे म्हणून पुस्तके उघडावी लागली. पुस्तकांत जे सापडले ते एका प्रश्नाभोवती फिरणारे होते: जाळे स्वस्त करावयाचे तर किती करावयाचे, आणि ते तुटले म्हणजे तोटा कोणाच्या पदरात पडावयाचा?

प्रारंभ अमेरिकेतील सेंट लुईस या शहरी झाला. १७ जून १९४६ रोजी बेल कंपनीने तेथे मोटारीतून दूरध्वनी करण्याची सोय सुरू केली. मोटारीत ठेवावयाचे यंत्र सुमारे ८० पौंड, म्हणजे ३६ किलो वजनाचे होते. शहरात एका उंच जागी मोठा प्रक्षेपक, आणि त्याच्या लहरी सगळ्या शहरभर. यात अडचण अशी की एक माणूस एका लहरीवर बोलू लागला की साऱ्या शहरात ती लहर दुसऱ्या कोणाच्या उपयोगाची राहत नाही. एका शहरात एका वेळी अवघी तीन संभाषणे, अशी त्या सेवेची सुरुवात होती. पुढे लहरी थोड्या वाढल्या, पण दुखणे तेच राहिले. १९७६ साली न्यूयॉर्कसारख्या महानगरात बेलच्या या सेवेचे ग्राहक होते ५४५, आणि नाव नोंदवून वाट पाहणारे होते ३,७००.

तोड मात्र फार पूर्वी निघाली होती. बेल प्रयोगशाळेतील डग्लस रिंग यांनी डिसेंबर १९४७ मध्ये एक टिपण लिहिले. त्यांचे सहकारी रे यंग यांचाही त्या कल्पनेत मोठा वाटा होता. कल्पना अशी: एका उंच मनोऱ्याऐवजी पुष्कळ बुटके मनोरे उभारावेत, मधमाशांच्या पोळ्यातील घरांप्रमाणे शहराचे षट्कोनी तुकडे पाडावेत, आणि प्रत्येक तुकड्यात इतक्या हळू आवाजात बोलावे की तीच लहर चार घरे सोडून पुन्हा वापरता येईल. गर्दी वाढली तर घर फोडून त्याची लहान घरे करावीत. या 'घरां'नाच इंग्रजीत सेल म्हणतात, आणि आपल्या तोंडी बसलेला 'सेलफोन' हा शब्द तेथूनच आला.

या कल्पनेचे पुष्कळ कौतुक झाले आहे आणि ते योग्यच आहे. पण तिच्यातील व्यवहार कोणी उलगडून सांगत नाही. लहरी निसर्गाने मोजून दिलेल्या. त्या वाढविता येत नाहीत. तारा मात्र पैसा आणि मजुरी घातली की वाढतात. एका मनोऱ्याला केंद्राकडे जाणारी एक वाट पुरत होती. शंभर मनोरे केले म्हणजे शंभर वाटा आल्या. लहरींची बचत करावयाची आणि तिची किंमत तारेत मोजावयाची, असा हा सौदा होता. म्हणून ज्या दिवशी बिनतारी दूरध्वनी सर्वांना मिळणे शक्य झाले, त्याच दिवशी तारांचे काम कित्येक पटींनी वाढणार हेही ठरले.

टिपणानंतर तीस वर्षे गेली. ग्राहक एका घरातून दुसऱ्या घरात गेला की त्याचे चालू संभाषण न तोडता पुढच्या मनोऱ्याकडे सोपवावे लागते. त्यासाठी जलद हिशेब करणारे केंद्र हवे होते आणि ते १९४७ साली नव्हते. शिवाय लहरींचे वाटप करणारे सरकारी मंडळ सावकाश चालले. बेलने आपली योजना १९७१ साली सादर केली. १९७३ साली मोटोरोलाचे मार्टिन कूपर यांनी हातात धरावयाच्या यंत्रावरून बोलून दाखविले. १९७८ साली शिकागोत दहा घरांचे जाळे चाचणीसाठी उभे राहिले. क्षेत्र सुमारे २,१०० चौरस मैल. जपानने मधल्यामध्ये १९७९ साली टोकियोत सेवा सुरूही करून टाकली. शिकागोची बाजारातील सेवा १३ ऑक्टोबर १९८३ रोजी सुरू झाली, आणि हातातल्या यंत्राची किंमत ३,९९५ डॉलर होती.

शिकागोच्या जाळ्यातील एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. प्रत्येक मनोऱ्यावरील प्रत्येक बोलण्याच्या लहरीमागे केंद्राकडे जाणारी एक स्वतंत्र वाहिनी होती. ती तुटली तर एक संभाषण जाई. पण मनोऱ्याला हुकूम देणारी, कोणत्या ग्राहकाला कोणती लहर द्यावी हे सांगणारी, एक वेगळी वाहिनीही होती. ती तुटली तर सगळा मनोराच मुका होई. म्हणून ही हुकमाची वाहिनी त्यांनी दुहेरी ठेवली. जेथे नुकसान एकाचे तेथे एकेरी, जेथे सर्वांचे तेथे दुहेरी. पुढे जोडजाळ्यांच्या रचनेवर जे शास्त्र झाले त्याचे बीज या एका निर्णयात आहे असे आम्हांस वाटते.

आता शास्त्राकडे वळू. यात दोन माणसांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही, आणि दोघांचेही काम मोबाईल येण्याच्या फार आधीचे आहे असे म्हटले तर आश्चर्य वाटेल. पहिले आग्नर एर्लांग. हे कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीत नोकरीला होते. कंपनीच्या तारांतील विजेची गळती मोजण्यासाठी हे गणिती गृहस्थ रस्त्यारस्त्याने हिंडत. बरोबर शिडी घेतलेला एक कामगार असे, आणि शिडी लावून हे जमिनीखालच्या विवरांत उतरत. (त्या कामगाराचे नाव आमच्या वाचनात कोठे आलेले नाही.) एर्लांग यांनी १९१७ साली एक सूत्र प्रसिद्ध केले. दूरध्वनी करणारे लोक एकमेकांना विचारून करीत नाहीत. कधी एकदम गर्दी, कधी शुकशुकाट. मग इतक्या लोकांमागे तारा किती ठेवाव्यात? सूत्राचे उत्तर सामान्य बुद्धीला चकविणारे आहे. शंभरांतले दोनच लोक परत फिरावेत असे धरले, तर दहा तारांच्या जुडीवर सरासरी पाच संभाषणे चालू राहू शकतात. अशा दोन वेगळ्या जुड्या असल्या तर दहा संभाषणे. पण त्याच वीस तारा एकत्र बांधल्या, तर त्यांवर तेरा संभाषणे चालतात! तारा त्याच, लोक तेच. नुसते एकत्र केल्याने तीन संभाषणांची कमाई झाली. युनियनमधल्या माणसाला हे सूत्र समजावून सांगावे लागत नाही.

दुसरे ओटाकार बोरूव्का, झेक गणिती. मोराव्हिया प्रांतात वीज नेण्याचे काम चालले होते. सर्व गावे जोडली जावीत आणि तार कमीतकमी लागावी, हे कसे साधावे असा प्रश्न त्यांच्यापुढे आला. १९२६ साली त्यांनी त्याचे उत्तर लिहिले. तीस वर्षांनी अमेरिकेत जोसेफ क्रुस्कल यांनी १९५६ साली आणि बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट प्रिम यांनी १९५७ साली हाच प्रश्न सोप्या रीतींनी सोडविला. प्रिम यांची रीत शाळकरी मुलालाही जमेल: कोणत्याही एका गावापासून निघा; जोडलेल्या गावांपासून न जोडलेल्या गावांपैकी सर्वांत जवळचे पाहा आणि त्याला तार न्या; गावे संपेपर्यंत हेच करीत राहा. शेवटी जो आकार तयार होतो तो झाडाचा असतो: बुंधा, फांद्या, डहाळ्या. दहा गावांना नऊ तारा, एकही जास्त नाही.

एकही जास्त नाही, हीच त्याची खुबी आणि हेच त्याचे वैगुण्य. झाडाची कोणतीही फांदी तोडा, तिच्यापुढची सर्व पाने सुकलीच पाहिजेत. त्यात एर्लांगचे सूत्र सांगते की वाटा एकत्र कराल तितके स्वस्त. म्हणजे बुंध्याकडे जाता जाता वाटा एकत्र होत जातात, जाड होत जातात, आणि एकाच ठिकाणी अधिकाधिक लोकांचे बोलणे टांगले जाते. दोन्ही गणिते बिनचूक आहेत. त्यांनी प्रश्नच असा घेतला होता की ज्यात तार तुटणे ही गोष्ट नव्हती.

युरोपात १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये जीएसएम नावाच्या पद्धतीचे पहिले संभाषण झाले. आपल्याकडे जी सेवा प्रथम आली ती हीच. या पद्धतीत काटकसरीची एक सुरेख युक्ती आहे. दूरध्वनीच्या जगात एका आवाजाला सेकंदाला ६४ हजार अंक लागत. मोबाईलने लहरी वाचविण्यासाठी आवाज दाबून तो १३ हजारांवर आणला. हा दाबलेला आवाज पुन्हा फुगवावयाचा कोठे? मनोऱ्याच्या पायथ्याशी फुगविला असता तर पुढची सगळी वाट पूर्ण भाड्याची झाली असती. म्हणून फुगविण्याचे यंत्र केंद्राजवळ ठेवण्याची प्रथा पडली, आणि एका आवाजाच्या वाटेतून चार आवाज जाऊ लागले. ज्या भाड्याच्या वाहिनीवर तीस संभाषणे जात तिच्यावर आता सुमारे एकशेवीस जाऊ लागली. मोबाईल स्वस्त होण्याचे पुष्कळसे श्रेय या न दिसणाऱ्या बचतीला आहे. वाहिनी तुटली तर तिसांच्या जागी एकशेवीस जण गप्प होतात, हेही ओघाने आलेच.

काटकसरीचा हिशेब एकदा शिकागोलाच चुकता करावा लागला होता. ८ मे १९८८, रविवार, तिकडचा मातृदिन. मुले आईला दूरध्वनी करतात तो दिवस. शिकागोच्या पश्चिमेस हिन्सडेल नावाचे उपनगर आहे. तेथे इलिनॉय बेल कंपनीचे एक दुमजली केंद्र होते. केंद्राला स्थानिक ग्राहक होते ३५ हजार. पण काचतंतू नवे आले होते, एका तंतूतून हजारो संभाषणे जाऊ लागली होती, आणि एर्लांगच्या न्यायाने आजूबाजूच्या कितीतरी केंद्रांच्या वाटा या एका इमारतीत आणून एकत्र केल्या होत्या. लांब पल्ल्याच्या १,१८,००० वाहिन्या तेथून जात. मोबाईलच्या मनोऱ्यांच्या वाटाही त्यांतच होत्या.

त्या रविवारी इमारतीत एकही माणूस नव्हता. सुट्टीच्या दिवशी तेथे कोणी ठेवीत नसत. धोक्याची घंटा दूर स्प्रिंगफील्ड येथील देखरेखीच्या केंद्रात वाजे. दुपारी चारच्या सुमारास तारांच्या गठ्ठ्यात आग लागली. घंटा स्प्रिंगफील्डला वाजली. अशा घंटा पुष्कळदा उगाचही वाजत. माणसाने इकडे तिकडे विचारणा सुरू केली. अग्निशामक दलाला कळावयास बराच वेळ गेला, कारण ज्याने कळवावयाचे तो दूरध्वनीच जळत होता. आग आपोआप विझविण्याची यंत्रणा इमारतीत नव्हती. पस्तीस हजार घरे मुकी झाली; त्यांची सेवा पूर्ववत व्हावयास जवळजवळ महिना लागला. ओहेअर विमानतळाच्या वाहतुकीवर परिणाम झाला. शिकागो परिसरातील मोबाईल सेवेचा मोठा भाग बंद पडला. ज्या ग्राहकांनी चार हजार डॉलरचे बिनतारी यंत्र घेतले होते, त्यांचे मनोरे उभे होते, यंत्रे चालू होती, लहरी मोकळ्या होत्या. पण पाठीमागची तार हिन्सडेलहून जात होती.

आमच्या दृष्टीने या घटनेतील मर्माची जागा ती रिकामी इमारत आहे. रविवारचा एक पहारेकरी वाचविला म्हणून आग लागली असे नव्हे. पण यंत्रावर विश्वास ठेवून माणूस काढणे आणि वाटा एकत्र करून तार वाचविणे, या दोन्ही बचती एकाच कारणाने एकाच छपराखाली झाल्या. दोन्ही वेगवेगळ्या कागदांवर मंजूर झाल्या असतील. एकत्र जोखीम किती झाली याचा कागद कोणी केला होता काय?

हिन्सडेलनंतर झाडाऐवजी कडे करावे, हा विचार बळावला. गावे माळेसारखी जोडावयाची आणि शेवटचे गाव पुन्हा पहिल्याला जोडून माळ मिटवावयाची. कोठेही तुटले तरी बोलणे उलट्या बाजूने वळते. काचतंतूंच्या कड्यांत हे वळण सेकंदाच्या विसाव्या हिश्श्यात होते, बोलणाऱ्याला पत्ताही लागत नाही. दहा गावांना नऊच्या जागी दहा तारा. एकच जास्त, पण ती बहुधा सर्वांत लांब आणि महाग पडणारी असते, आणि ती नेहमी रिकामी दिसते. हिशेबतपासनिसाला रिकामी तार दिसली की त्याचा हात शिवशिवतो.

थोडे अंकगणित करू. एखादी वाट हजारांतले ९९९ तास चालते असे धरा. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे ती वर्षात सुमारे पावणेनऊ तास बंद. आता डोंगराळ मुलखात एका मनोऱ्यावरून दुसऱ्यावर, तेथून तिसऱ्यावर अशा पाच उड्या मारीत आवाज केंद्रापर्यंत जात असेल, तर पाचही चालू असतील तेव्हाच शेवटचा मनोरा चालू. त्या टोकाच्या गावाची सेवा वर्षात जवळजवळ ४४ तास बंद राहावयाची. उलट एका मनोऱ्याला पावणेनऊ तासवाल्या दोन अगदी स्वतंत्र वाटा दिल्या, तर दोन्ही एकदम बंद असण्याचा काळ वर्षात अर्ध्या मिनिटाच्या आसपास येतो. पण 'स्वतंत्र' या शब्दात सारे आले. नकाशावर कडे काढलेले असते, आणि प्रत्यक्षात जाणारी व येणारी दोन्ही केबल एकाच चरात, एकाच नळीत टाकलेल्या असतात, कारण चर खणणे हेच सगळ्यांत महाग. मग जेसीबीचा एक दात दोन्ही बाजू एकदम तोडतो. आमच्या ओळखीचे एक जुने जॉइंटर असे कडे पाहिले की म्हणत, "ही बांगडी नव्हे, ही वाकवलेली दोरी."

तार शाबूत असली तरी मनोऱ्याला वीज लागते. ऑगस्ट २००५ मध्ये कट्रिना हे वादळ अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आदळले तेव्हा हजारांहून अधिक मनोरे बंद पडले. पुष्कळांचे लोखंड जागच्या जागी होते. बॅटऱ्या उतरल्या, जनित्रांचे तेल संपले, आणि तेल पोचवावयास रस्ता नव्हता. चौकशी झाली. २००७ साली तेथील दळणवळण आयोगाने नियम केला की केंद्रात २४ तासांची आणि प्रत्येक मनोऱ्यावर ८ तासांची पर्यायी वीज असलीच पाहिजे. कंपन्या न्यायालयात गेल्या. गच्चीवर इतक्या बॅटऱ्यांचे वजन चालत नाही, जागेच्या करारात बसत नाही, खर्च अफाट आहे, असे त्यांचे म्हणणे. काही म्हणणे खरेही होते. न्यायालयाने २००८ साली नियम स्थगित केला, त्याच वर्षी अर्थसंकल्प कार्यालयाने त्यातील माहिती गोळा करण्याची कलमे नामंजूर केली, आणि तो नियम अमलात न येताच संपला. पुढे ऑक्टोबर २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात वणव्याच्या भीतीने वीज कंपनीने वीज तोडली. मरिन परगण्यातील निम्म्याहून अधिक मनोरे गप्प झाले, आणि घर सोडून पळा हा निरोप ज्यावर यावयाचा तेच यंत्र निरुपयोगी ठरले. तेव्हा कोठे २०२० साली त्या राज्याने वणव्याच्या प्रदेशात ७२ तासांची सक्ती केली. आठ तास महाग म्हणून नाकारले, आणि तेरा वर्षांनी त्यांच्या नऊपट तास मान्य करावे लागले.

आता आपल्याकडे येऊ. भारतातील पहिले मोबाईल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. कलकत्त्याहून ज्योती बसू दिल्लीला सुखराम यांच्याशी बोलले. प्रारंभी दर मिनिटाला १६ रुपयांच्या आसपास होते, आणि आलेल्या फोनलाही पैसे पडत. परवान्याच्या बोलींत कंपन्यांनी इतके आकडे टाकले की ते देणे होईना. १९९९ च्या धोरणाने ठरीव रकमेऐवजी उत्पन्नातील हिस्सा घेण्याचे ठरविले. दर कोसळू लागले, आणि जो पैसा ग्राहकाकडून मिळेनासा झाला तो जाळ्यातून वाचवावा लागला. २००४ साली भारती कंपनीने आपले जाळे उभारण्या-सांभाळण्याचे काम एरिक्सनला दिले, आणि मोबदला किती यंत्रे बसविली यावर न ठेवता किती संभाषण वाहून नेण्याची क्षमता दिली यावर ठेवला. या क्षमतेचे माप 'एर्लांग'. कोपनहेगनच्या विवरांत उतरणारा गणिती शेवटी आपल्याकडच्या ठेक्यात दराचे एकक होऊन बसला. २००७ साली तीन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मिळून इंडस टॉवर्स काढली. मनोरा एक, त्यावर तिघांची यंत्रे. जगात इतक्या स्वस्त दराने इतक्या लोकांना मोबाईल देण्याचा विक्रम भारताने केला, त्यात या मनोऱ्यांच्या भागीदारीचा वाटा मोठा आहे. तो नाकारणे हा करंटेपणा होईल. आमच्या चळवळीतील शेतमजूर बाई आज मुंबईतल्या मुलाशी रोज बोलते, ती या काटकसरीमुळेच.

पण भागीदारीचा मनोरा पडला की तिघेही पडतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईची वीज जागोजाग बंद करावी लागली, आणि मोबाईल कित्येक तास मुका झाला. घरची माणसे कोठे अडकली हे कळावयास मार्ग उरला नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धनकडच्या गावांत वीज आणि मोबाईल दोन्ही दिवसचे दिवस नव्हते. खिशात दोन कंपन्यांची कार्डे बाळगणारे लोक त्या दिवसांत दोन्ही आलटून पालटून पाहत. मनोरा एक, वीज एक, तेलाचा रस्ता एक. मग कार्डे दोन असून काय व्हावयाचे?

रोजची मोडतोड मात्र वादळाने होत नाही, खोदकामाने होते. नळाची पाइप टाकणारा ठेकेदार केबल तोडतो, केबल टाकणारा पाइप फोडतो. २२ मार्च २०२३ रोजी केंद्र सरकारने खणण्यापूर्वी कळविण्याचे एक अॅप काढले, ते या रोजच्या कटकटीपायीच. अॅप चांगले आहे. पण जमिनीखाली काय आहे हे कोणाला तरी ठाऊक असावे लागते. ३१ जानेवारी २०२० रोजी भारत संचार निगमचे सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एका दिवशी घरी गेले. त्यांत असे लाइनमन होते की ज्यांच्या डोक्यात तालुक्याची केबल नकाशाहून अधिक अचूक होती: या वडापासून डावीकडे, ओढ्याच्या वरच्या अंगाने, शाळेच्या कुंपणाबाहेर तीन फूट. निगमचा पगारखर्च कमी होणे आवश्यक होते असे सांगितले गेले. त्याच्या बऱ्यावाईटाची चर्चा या व्यासपीठाची नाही. इतकेच म्हणतो की जोडजाळ्याच्या किमतीत या माहितीची किंमत कोणत्याही खात्यात मांडलेली नव्हती, म्हणून ती गेल्याचेही कोठे लिहिले गेले नाही.

असेच आणखी एक न मांडलेले खाते आहे. अमेरिकेत २००३ ते २०११ या काळात मोबाईलच्या मनोऱ्यांवर काम करताना ५० माणसे मेली. कंपनी ठेका देई, ठेकेदार पोटठेका देई, पोटठेकेदार आणखी कोणाला. प्रत्येक पायरीला दर उतरे, आणि शेवटच्या पायरीवरचा मुलगा दोर न बांधताच भराभर वर चढे, कारण मनोऱ्यामागे पैसे ठरलेले. २००८ साली तेथील कामगार-सुरक्षा खात्याच्या प्रमुखांनी मनोऱ्यावर चढणे हे देशातील सर्वांत धोक्याचे काम आहे असे सांगितले. आपल्याकडे पायऱ्या कमी नाहीत. आमच्या संघटनेतील एक रिगर अशा चौथ्या पायरीवर होता. त्याला पट्टा मिळाला होता, पण तो अडकविण्याचा आकडा मोडका होता, आणि बदलून मागितला तेव्हा ठेकेदार म्हणाला की हा आकडा माझ्या ठेक्यात नाही. भांडून आकडा मिळविला. तो मिळवावयास जे पत्र लिहावे लागले ते कोणाच्या नावाने लिहावे हे ठरविण्यातच आमचे आठ दिवस गेले.

असो. सर्वच अंधार आहे असे नाही. कडे बांधण्याचा जो खर्च एकट्या कंपनीला झेपत नाही, तो अनेकींची झाडे एकमेकांत गुंफली तर पुष्कळ कमी होतो. या गावात एकीचा मनोरा उभा राहिला असेल, त्या गावात दुसरीचा. अडचणीच्या वेळी कोणत्याही ग्राहकाला जो जिवंत असेल तो मनोरा वापरू द्यावा, एवढीच ती गोष्ट. यंत्रांना हे पहिल्यापासून करता येते. परगावी गेल्यावर आपला फोन दुसऱ्या जाळ्यावर चालतो तो याच रीतीने. अडथळा हिशेबाचा आणि हुकमाचा असतो. जून २०२३ मध्ये बिपरजॉय वादळ गुजरातच्या किनाऱ्याकडे निघाले, तेव्हा दूरसंचार खात्याने हा हुकूम काढला. वादळाच्या टापूतील कोणत्याही कंपनीच्या ग्राहकाने फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन दुसऱ्या कंपनीचे नाव निवडावे, आणि बोलावे. त्या दिवसांपुरती प्रतिस्पर्ध्यांची सगळी झाडे मिळून एक जाळे झाले. हुकमाची मुदत १७ जूनपर्यंत होती.